पेटीतल्या पोरांची पाचवी

"हळू गो! पाय वाजवू नको. व्यालीय ती."

नम्रताच्या आईचा हा आवाज. सिद्धगडाच्या पायथ्याशी, गोठ्याच्या अंधारातून आलेला, वाळल्या गवतासारखा मऊ. नम्रता तेव्हा फ्रॉकात होती आणि रॉकेलची चिमणी हातात घेऊन दाराशी उभी होती. आई वासराला फडक्यानं पुसत होती आणि पुसता पुसता आपल्याशीच गुणगुणत होती:

हळू चाल, हळू बोल, गाय गोठ्यामंदी व्याली
चार पायांची गो पाहुणी थरथरत उभी ऱ्हायली

आता तोच आवाज नम्रताच्या गळ्यातून निघत होता. फक्त गाव शेणवा होतं, आणि दाराशी उभा होता तिचा नवरा सुयोग, चपला हातात घेऊन.

"हळू. पाय वाजवू नका."

"अगो, अनवाणी हाय मी!"

"टाचा वाजतात तुमच्या."

सुयोग टाचा उचलून, चवड्यांवर चालत, आपल्याच घरात चोरासारखा शिरला.

मधल्या खोलीत काचेची पेटी होती. पेटीत कोमट पाणी, पाण्यात कुंभाराकडून आणलेलं एक बोळकं पालथं घातलेलं आणि बोळक्याच्या दोन बाजूंना डिस्कस माशांची जोडी. भाकरीसारखे गोल, कडेनं बघितले तर भाकरीइतकेच पातळ. फोनवरच्या मासेवाल्यांच्या ग्रुपात विचारून विचारून नम्रतानं त्यांचं सगळं शिकून घेतलं होतं: पाणी किती गरम, खाणं किती बारीक, उजेड किती मंद. पण मासे त्या ग्रुपात नव्हते. त्यांना जेव्हा वाटलं तेव्हा त्यांनी बोळक्यावर अंडी घातली, आणि जेव्हा वाटलं तेव्हा खाल्ली. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली म्हणून. दुसऱ्यांदा कोंबडा खोलीत शिरला म्हणून. तिसऱ्यांदा तर नुसत्या शिंकेनं. शिंक सासूबाईंची होती.

तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे जनीनं, पदर नाकाला लावून निकाल दिला होता. "आता येक डाव बघ. ह्या डावाला पन गिळली ना, तर पेटी उचलायची. झोडलेलं भात ठेवायला मला खोली लागते. भात आपल्या पोरांना खात नाय."

नम्रता "बरं" म्हणाली होती. त्या "बरं"मध्ये तिचा जीव अडकला होता. घरात तिची म्हणावी अशी ती एवढीच जागा होती.

आणि या खेपेला अंडी राहिली. फुटली. टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं बोळक्यावरून सुटली, पाण्यात भिरभिरली आणि थेट आईबापाच्या अंगाला जाऊन लोंबली. या माशांच्या कातडीवर सायीसारखा थर धरतो, पिल्लं तोच खातात. नम्रतानं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ग्रुपातला शब्द आठवला नाही, गोठ्यातला आठवला. ती तोंडावर हात दाबून म्हणाली, "अंगावर पितायत!"

नुसतं आईच्याच अंगावर नव्हे. आई दमली की अंगाला एक झटका द्यायची, की सगळी पिल्लं बापाच्या अंगावर. बाप दमला की झटका, परत आईकडे.

"बाप पन?" सुयोगनं विचारलं होतं, आणि बराच वेळ काचेजवळून हलला नव्हता.

पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे. जोडी बिथरली की गिळते. म्हणून घरात मुकेपणाचं राज्य आलं. कुकर बंद, मिक्सर बंद, टीव्ही नुसता दिसायचा. भांडी घासायची तर परसात, राख लावून, हलक्या हातानं. बोलायचं ते कुजबुजत. भांडायचं तेही कुजबुजत, आणि तसं भांडून कुणाचंच समाधान होत नसे. जनी एकदा ऐन रंगात आली, "माझ्याच घरात मी..." इथवर कुजबुजली आणि पुढचं बोलायला परसात निघून गेली. पेरूच्या झाडाला ती काय बोलली ते झाडालाच ठाऊक.

अशात एका दुपारी फोन थरथरला. ग्रुपातली कल्याणची प्रियांका फोन करणार होती, म्हणून नम्रतानं न बघताच उचलला.

"कशी हायेत पोरं?" पलीकडचा आवाजही दबकाच होता.

"चांगली हायेत," नम्रता कुजबुजली. "पेटीतच हायेत."

"म्हंजे खरंच पेटीत? अगोबाय! वजन काय?"

"वजन?" नम्रताला हसू आलं. "सगळ्यांचं मिळून येक ग्राम पन नाय भरायचं."

"सगळ्यांचं म्हंजे... किती हायेत?"

"मोजली नाय. शंभराच्या वर असतील."

"...पितात का?"

"मस्त पितात. आईच्या पन अंगावर, बापाच्या पन."

"बापाच्या?"

"हां मग! आई दमते ना. मग बाप पाजतो."

फोन बंद झाला. रेंज गेली असेल असं नम्रताला वाटलं.

रेंज गेली नव्हती. फोन गावात बाळंतपणांची नोंद ठेवणाऱ्या आशाताईंचा, म्हणजे रेश्माचा होता. रेश्मा चार आठवडे माहेरी मुरबाडला होती. परत येते तो सासू गोजरनं दारातच सांगितलं होतं, की जनीच्या सुनेला पोरं झाली, काचेच्या पेटीत ठेवलीत. रेश्माच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या गावात बाळंतपण झालं आणि तिच्याकडे नोंद नाही! सातव्यातच झालं असणार, पोट नीट दिसायच्या आत! वरच्या मॅडमना काय सांगायचं? आता फोनवर जे कानी आलं त्यातलं शंभराचं तिनं ऐकण्यातली चूक म्हणून सोडून दिलं. पण बापाचं सोडवेना. ते तिनं सासूला विचारलं. गोजर कानानं जरा कमी, त्यामुळे तिला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे. ते अख्ख्या आळीनं ऐकलं.

आळीतून ते कोंडूच्या रिक्षात बसलं आणि आटगावपर्यंत जाऊन आलं.

सुयोगचं नाक्यावर पंप-मोटारी दुरुस्त करायचं दुकान. दुसऱ्या दिवशी तो चहाला टपरीवर गेला तर बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली. कोंडूनं बाकडं गमछानं पुसलं.

"बस रे बाबा. टेकून बस. दुकान कशाला उघडलंस आज?"

"का? काय झालं?"

"काय नाय, काय नाय." कोंडूची नजर सुयोगच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर होती. सगळ्यांचीच होती. सुयोगनं खाली बघितलं. डाग नव्हता.

"चहा नको त्याला," कोंडूनं टपरीवाल्याला दटावलं. "दूध दे. साखर टाकून."

"दूध कशाला रे?"

"लागतं ना आता तुला. लाजतोस काय? आता काय राह्यलंय बायाचं न् बाप्याचं! डाक्टर लोकं काय पन करतात. येका गोळीवर होत असंल."

सुयोगला वाटलं, हे माशांबद्दल बोलतायत. पेटीशी बसून आपले डोळे लाल झालेत, म्हणून माया दाखवतायत. त्याला भरून आलं. "गोळी नाय रे," तो म्हणाला. "आपोआप सुटतं. पोरं अंगाला लागली की सुटतं."

टपरीवरचा चहा उतू गेला, तरी कुणी बघितलं नाही. निघताना कोंडूनं त्याच्या हातात एक डबा ठेवला. "वयनीनं तुझ्या दिलाय. अळिवाचे लाडू. तू खा हां. बायकोला येगळे दिलेत."

अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात. डबा हातात घेऊन सुयोग अर्ध्या रस्त्यात थांबला. एकेक वाक्य परत आठवत गेला. मग आपल्याच शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघितलं, आणि गाडी अशी हाणली की इंजिन लांबूनच बंद करायचं राहून गेलं आणि ती दारापर्यंत वाजत आली. नम्रता आतून दोन्ही हात हलवत धावत आली.

स्वयंपाकघरात कुजबुजत बैठक बसली.

"गावाला वाटतंय आपल्याला पोर झालंय!"

"काय?"

"आन् मी पाजतोय!"

नम्रताला आधी हसू फुटलं. मग फोन आठवला, आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. "अगोबाय. म्हंजे ती प्रियांका नव्हती."

"पन सुरुवात कोनी केली? पोरं झाली हे पयलं बोललं कोन?"

जनी सुपात तांदूळ निवडत होती. तिला एक खडा सापडत नव्हता. ती तो फार मन लावून शोधत होती.

"मी जातो न् सांगून येतो सगळ्यांना," सुयोग उठला. "की पोर नाय, मासे हायेत."

"आन् मग?" नम्रता म्हणाली. "मग इचारतील, पोर का नाय? काय सांगाल?"

सुयोग उठला होता तसा बसला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दोघं कल्याणच्या डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टर जे बोलले ते ऐकून येताना घर जवळ आल्यावर नम्रताच म्हणाली होती, "आईंना कायपन सांगू नका." ते "कायपन" तेव्हापासून घरातच राहत होतं. चौथ्या माणसासारखं जेवायला बसत होतं.

"त्यातनं आज पाचवी धरलीय त्यांनी," सुयोग खालच्या मानेनं म्हणाला. "कोंडू बोलला. सांजच्याला बाया येनार हायेत."

नम्रताचा चेहरा उतरला. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून आळीतल्या बायका पाटा पुजायला येतात. गाणी म्हणतात. उंबऱ्यावर नारळ फोडतात. मधली खोली उंबऱ्यापासून चार हातांवर होती. शिंकेनं अंडी खाणारी जोडी नारळाला काय करील?

"आई, त्यांना थांबवा," ती जनीपुढे बसली. "तुमी सांगितलंत तर ऐकतील. आज पिल्लं गेली तर माझी पेटी..."

जनीनं सूप पाखडलं. खडा उडाला की तांदूळ ते दिसलं नाही.

दिवेलागणीला अंगणात पावलं वाजली. पुढे गोजर, हातात थाळी, थाळीत दिवा, काखेत दोन टोपडी. मागे रेश्मा, तिच्या मागे आळीतल्या बाया, आणि गल्लीपलीकडे रिक्षात बसून कोंडू, कारण पुरुषांनी पाचवीला यायचं नसतं, पण रिक्षा कुठंही लावता येते.

"जनेऽऽ!" गोजरनं आपल्या नेहमीच्या आवाजात हाक मारली. पेटीतले मासे जागच्या जागी ताठ झाले. पिल्लं सांभाळताना काळसर पडलेलं त्यांचं अंग बघता बघता फिकट झालं. फिकट म्हणजे भ्यालेत.

ती धावली. गोजरचा हात वर गेला होता. हातात नारळ होता आणि खाली उंबऱ्याचा दगड. नम्रतानं झेप घेतली आणि नारळ वरच्या वर धरला.

"आते, फोडू नका!"

"आता काय झालं गो? पाचवीचा नारळ हाय!"

"पाया पडते तुमच्या. आवाज नको."

बाया दोन पावलं मागं सरल्या. कुणीतरी म्हणालं, "बाळंतीण उडी मारते बघ कशी!" दुसरी म्हणाली, "आन् पोट कुठं गेलं गो हिचं?"

नम्रतानं नारळ छातीशी धरला. खोटं बोलायला वेळ नव्हता, खरं बोलायला आवाज नव्हता. "या," ती कुजबुजली. "पोरं बघायचीत ना? या. पन चपला बाहेर. बांगड्या कोपरापातूर वर चढवा. दिवा इथंच राहू दे. आन् शिंक आली तर परसात."

बाया बांगड्या वर सरकवून, पदर तोंडाशी धरून, एकीमागं एक मधल्या खोलीत शिरल्या आणि पेटीपुढे उकिडव्या बसल्या. दिसायला वेळ लागला. मग मंद उजेडात ते दोन फिकट चंद्र दिसले, आणि त्यांच्या अंगाला लोंबणारी इवली इवली पोरं.

"बाळ कुठाय?" रेश्मा कुजबुजली.

"हीच."

"ही... मासे?"

"काचेच्या पेटीतली पोरं," नम्रता म्हणाली. "दुसरी नायेत."

कुणी हललं नाही. फक्त रेश्मानं एवढा मोठा श्वास सोडला की पुढची बाई शहारली. नोंद राहिली नव्हती! तिच्या गावात कुणीही, काहीही जन्मलं नव्हतं! पुरावा असावा म्हणून तिनं फोन काढला, आणि नम्रताचा हात पोचायच्या आत फोटो काढला.

फ्लॅश पडला.

मासे काचेवर धडकले. पिल्लं धुळीसारखी उधळली. आई बोळक्यामागे गेली, आणि बाप वळला, तोंड उघडून पिल्लांच्या त्या ढगात शिरला, आणि तोंड मिटलं.

"गिळली," नम्रताच्या तोंडून शब्दसुद्धा नीट निघाला नाही.

बायांच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती. दाराशी चपला हातात घेऊन सुयोग उभा होता, तो कधी आत आला कुणाला कळलं नाही. बाप मासा गालफडं फुगवून उभा होता. एवढ्याशा तोंडात सगळ्यांचा श्वास अडकला होता.

मग तो हळूच बोळक्याजवळ गेला, आडोशाला, आणि तोंड उघडून पिल्लं एकेक करून बाहेर सोडली. ती त्याच्याच अंगाला येऊन लोंबली. हळूहळू त्याचं अंग परत काळसर झालं.

"राखली गो," गोजर म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती कुजबुजली, म्हणजे इतरांसारखं बोलली. "ही आई?"

"बाप."

"बाप पाजतो?"

"दोघं पाजतात. येक दमला की दुसरा."

मागून कुणीतरी उसासलं, "नशीब काढलंन् मासळीनं." पदराआड हसू खुसखुसलं, काचेपर्यंत जाऊ नये इतकंच. आणि हसू ओसरल्यावर सगळ्यांना एकदमच दुसरी गोष्ट आठवली.

"पन जने," गोजर वळली. "इहिरीवर तूच ना गो सांगितलंस? पोरं झाली म्हनून?"

सुयोग आणि नम्रता, दोघांनी जनीकडे बघितलं. जनीनं भिंतीकडे.

"मग खोटं काय बोलले?" ती कुजबुजली. "पोरं झाली बोलले. पेटीत हायेत बोलले. कोनाला झाली, ते इचारलंत कोनी? तुमाला कुठं दम व्हता!"

"अगो पन..."

"रोज इचारता. हंडा भरता भरता इचारता, कपडे पिळता पिळता इचारता. काय गो जने, काय हाय का? मी मान खाली घालून हंडा उचलते. त्या दिशी वाटलं, येक डाव बोलून तरी बघावं, कसं वाटतं." तिचा आवाज फाटला. मोठ्यानं रडायची सोय नव्हती, म्हणून ती तशीच रडली. "लई बरं वाटलं गो. रिकामा हंडा घेऊन आले घरी. भरायचाच राह्यला."

बायांनी माना खाली घातल्या. त्यातली एक नम्रताच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊं दे. येकेकीची कूस नसते तशी. तिनं तरी काय करावं?"

नम्रता पेटीकडे बघत राहिली. इतकी वर्षं असं बोलणं जशी ऐकून घेत आली होती, तसंच तिनं हेही ऐकून घेतलं.

दाराशी सुयोग काहीतरी बोलला.

"काय?" गोजरनं कानाशी हात धरला.

तो परत बोलला. ओठ हलले.

"मोठ्यानं बोल रे! कायपन ऐकू नाय येत."

पेटीतला बाप मासा चपापला. नम्रतानं हात वर केला. "इथं नको," ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे नीट बघून, आणखी हळू, "कशाला आता? राहूं द्या."

सुयोगनं मान हलवली. तो वळला, टाचा उचलून, चवड्यांवर चालत, उंबरा ओलांडून बाहेर गेला. बायाही उठल्या आणि बांगड्या धरून, तशाच पाय न वाजवता त्याच्या मागं गेल्या. सगळ्यांत शेवटी जनी, डोळे पुसत. नम्रता दारात थांबली. एक कान आत, एक बाहेर.

अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडाखाली सुयोग थांबला. गल्लीत कोंडूनं रिक्षाचा रेडिओ बंद केला. सुयोगनं चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या. इतके दिवस कुजबुजून कुजबुजून आवाज साठला होता, तो त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

"आये! मूल होत नाय ते माझ्यामुळं! नमूत काय दोष नाय, माझ्यात हाय! डाक्टरनी तवाच सांगितलं व्हतं! ती गप ऱ्हायली माझ्यासाठी, न् मी ऱ्हायलो ऐकत! आता आलं का ऐकू, आते?"